मिठाच्या खटल्यातला पापडखार

एकोणीसशे तीस साली मी धुळ्यातल्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि देवपुरात दोन खोल्यांत बिऱ्हाड करून राहत होतो. राजकारणाशी माझा संबंध वर्तमानपत्र वाचण्यापुरता होता, आणि तेही शेजाऱ्यांचं वाचून झाल्यावर. त्या उन्हाळ्यात देशभर लोक मीठ करायला निघाले. खानदेशाला समुद्र नाही. त्यामुळे आमच्याकडच्या सत्याग्रह मंडळापुढे प्रश्न पडला, की कायदा मोडायचा तर कशात मोडायचा.

मंडळाचे अध्यक्ष जळगावकडचे एक वकील होते. चालती वकिली सोडून ते चळवळीत आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं, की तापीकाठी एका गावात जमिनीवर पांढरा थर फुटतो, ती माती पाण्यात कालवून आटवली की मीठ निघतं. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, की आटवायला जाणकार माणूस हवा. वकीलसाहेब दोघांना घेऊन माझ्या घरी आले.

"तुम्ही फक्त उकळायचं बघा, मास्तर," ते म्हणाले. "तुरुंगात जायचं आम्ही बघतो."

मला हे वाजवी वाटलं. सुट्टी लागलेली होती. बायकोने विचारलं, जेवायला परत याल का. मी हो म्हणालो.

गावात पोचलो तेव्हा नदीकाठी जत्रा भरावी तशी माणसं होती. माती खरवडून घागरींत कालवली, निवळ पाणी धोतराच्या दुहेरी कापडातून गाळलं आणि तीन दगडांच्या चुलीवर मोठी कढई चढवली. लोक गाणी म्हणत होते. मी झारा घेऊन ढवळत होतो. दुपारपर्यंत पाणी आटलं आणि कढईच्या तळाशी पांढरी भुकटी उरली. लोकांनी जयजयकार केला. मी सवयीप्रमाणे चिमूटभर जिभेवर ठेवली.

खारट लागली. पण खारटाच्या मागून एक बुळबुळीत, साबणासारखी चव आली. सरबतासाठी आणलेली लिंबं तिथे होती. त्यातलं एक मी चिमटीतल्या भुकटीवर पिळलं. ती फसफसली.

मीठ फसफसत नाही. लिंबाने फसफसतो तो पापडखार. आमच्या कढईत थोडं मीठ आणि पुष्कळसा पापडखार होता. मी वकीलसाहेबांना बाजूला घेऊन हे हळूच सांगितलं. त्यांनी एकदा कढईकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे पाहिलं. उन्हात चार-पाच कोस चालून आलेली माणसं होती ती.

"मास्तर," ते म्हणाले, "हे मीठ आहे."

तेवढ्यात फौजदार आले. त्यांनी कढई जप्त केली आणि कढईजवळच्या सगळ्यांना गाडीत बसवलं. मी निघून जाऊ शकलो असतो, असं पुढे मला बऱ्याच जणांनी सांगितलं. पण माझ्या हातात झारा होता, आणि तो कुठे ठेवावा हे मला सुचलं नाही.

खटला सरळ होता. सत्याग्रहींनी बचाव करायचा नाही असं ठरलेलं होतं. मॅजिस्ट्रेट एकेकाला विचारत होते, मीठ केलंत का, आणि एकेक जण हो म्हणत होता. मग माझी पाळी आली. हो म्हणावं तर पदार्थाला चुकीचं नाव देऊ नका असं मी रोज वर्गात मुलांना सांगत होतो, तेच माझ्याकडून होणार. नाही म्हणावं तर सगळेच्या सगळे सुटणार, आणि खानदेशातल्या सत्याग्रहाने पापडखार केला हे दुसऱ्या दिवशी छापून येणार. वकीलसाहेब माझ्याकडे बघत नव्हते. इतकं न बघणं मी कुणाचं पाहिलेलं नाही.

"ज्यात मीठ आहे असा पदार्थ केला," मी म्हणालो.

मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. त्यांनी विचारलं, दुसरं काय आहे त्यात. मी म्हणालो, माती. ती होतीच थोडी. त्यांनी लिहून घेतलं, 'होय', आणि पुढच्याला बोलावलं. सगळ्यांना सारखीच सजा झाली.

धुळ्याच्या तुरुंगात आम्ही सगळे एकाच बराकीत आलो, म्हणजे मी घरापासून पांझरा नदी ओलांडण्याइतक्या अंतरावर होतो. पावसाळ्यात आणखी लोक आले. राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडलेली ती माणसं होती. त्यांत पिंपळनेरकडचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांचं म्हणणं असं, की गवत ते लहानपणापासून कापत आले होते, फक्त या खेपेला टोपी घालून कापलं.

वकीलसाहेब माझ्याशी बोलत नव्हते. मी कोर्टात अडखळलो हे त्यांना लागलं होतं. ताटं घेऊन आम्ही शेजारी बसायचो, तरी डाळ वाढ म्हणायचं झालं तर ते तिसऱ्याला सांगायचे आणि तो मला सांगायचा. मला याचं वाईट वाटे. मी खोटं बोललो नव्हतो, पण ते माझ्यामुळे अडचणीत आले होते हेही खरं होतं, आणि या दोन्हींचा मेळ मला घालता येत नव्हता.

संध्याकाळी बराकीत कुणी ना कुणी काही शिकवत असे. एक जण गीता सांगे, एक जण हिंदी शिकवी. लिंबाची हकीकत एव्हाना फुटली होती. एका संध्याकाळी लोक माझ्याकडे आले आणि म्हणाले, मास्तर, आपण कशासाठी आत आलो ते तरी नीट सांगा. ते मीठ नव्हतं तर मीठ म्हणजे काय?

हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. मुलं मिठाचं सूत्र पाठ करायची आणि मी मार्क द्यायचो. शिवाय शाळेत मी इंग्रजीत शिकवत असे. आता मराठीत सांगायचं म्हणजे मलाच आधी ते कळायला हवं होतं. मी दोन दिवस मागून घेतले.

अंगणात चिंचेचं झाड होतं. त्याचे चिंचोके गोळा करून मी फरशीवर मांडले. सांगितलं, की कुठलीही वस्तू घ्या, ती परमाणूंची झालेली असते. परमाणूच्या मधोमध जड गाभा असतो आणि त्याच्याभोवती कड्यांमध्ये इलेक्ट्रॉन असतात. आतली कडी भरलेली असतात, त्यांची आपल्याला काळजी नाही. सगळं जुळणं आणि मोडणं होतं ते बाहेरच्या कड्यात. त्या कड्यात आठ इलेक्ट्रॉन झाले की परमाणू शांत होतो, मग तो कुणाच्या वाटेला जात नाही. मिठात दोन जातीचे परमाणू आहेत. एक सोडियम, त्याच्या बाहेरच्या कड्यात एकच इलेक्ट्रॉन. दुसरा क्लोरीन, त्याच्या कड्यात सात. सोडियम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. एकाचं बाहेरचं कडंच गेलं, आतलं भरलेलं उघडं पडलं. दुसऱ्याचे आठ झाले. देणारा झाला धनविद्युत भारित, घेणारा झाला ऋण, आणि धन-ऋण एकमेकांना ओढून धरतात. तेच मीठ.

मागे बसलेल्यांना चिंचोके दिसेनात. ते उठून पुढे आले तेव्हा पुढच्यांच्या पायाखाली सोडियम गेला. मग मी चिंचोके गोळा करून ठेवले आणि माणसं उभी केली.

गाभा व्हायला आबा पुढे आले.

"मी मधमा बठस," ते म्हणाले. "मना गुडघा दुखतस."

गाभ्याने हलायचं नसतंच, त्यामुळे ते योग्यच होतं. आबा सोडियमचा गाभा झाले आणि त्यांच्यापासून लांब एक तरुण विणकर एकटा इलेक्ट्रॉन म्हणून उभा राहिला. दुसऱ्या बाजूला एका दाढीवाल्या दुकानदाराभोवती सात जण उभे केले. मी खूण केली तसा विणकर चालत पलीकडे गेला आणि आठवा झाला. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, म्हणजे तो आता तिकडचाच. मी म्हणालो, तिकडचाच. मला अचानक फार बरं वाटलं. दहा वर्षं मी हे फळ्यावर लिहीत होतो, आणि ते घडताना पहिल्यांदाच पाहत होतो.

वकीलसाहेब भिंतीला टेकून पुस्तक वाचत होते. पान उलटत नव्हते.

पुढे पापडखाराचा प्रश्न आला. तो सांगण्यासाठी बंधाची दुसरी तऱ्हा सांगणं भाग होतं. तिच्यात कुणी कुणाला काही देत नाही, दोघं मिळून ठेवतात. पापडखारात सोडियम मिठासारखाच आपला इलेक्ट्रॉन देऊन मोकळा झालेला असतो. पण त्यातला कार्बन आणि त्याचे तीन ऑक्सिजन हे आपापसांत इलेक्ट्रॉन सामायिक ठेवून एकत्र राहतात. त्यावर लिंबू पिळलं की ही चौकडी मोडते, कार्बन दोन ऑक्सिजन घेऊन वायू होऊन निघून जातो, आणि तीच ती फसफस. हे एकदम झेपणार नाही म्हणून मी सोपा दाखला घेतला. क्लोरीनचे दोन परमाणू. दोघांकडे सात-सात, दोघांनाही आठवा हवा, देणारा कुणीच नाही. तेव्हा दोघंही एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात. ती मधली जोडी दोघांचीही.

त्यासाठी चौदा इलेक्ट्रॉन आणि दोन गाभे हवे होते. माणसं मोजली तर एक कमी पडला. मी म्हणालो, उद्या करू. तेव्हा वकीलसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि उठून आले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, कुठे उभं राहू. मी मधली जागा दाखवली. ते विणकराशेजारी उभे राहिले. दोन कडी, दोन्हीकडे सहा-सहा आणि मध्ये हे दोघं. एका कड्यात आबा बसले होते, दुसऱ्यात दाढीवाले.

त्याच वेळी जमादार दारात आला. संध्याकाळची मोजणी व्हायची होती. त्याने विचारलं, हे काय चाललंय. आबांनी मोठ्या विश्वासाने सांगितलं, की आपल्या कड्यात आठ शेत, म्हणजे आठ जण आहेत. पलीकडून दाढीवाले म्हणाले, आमच्याही आठ. जमादाराने गाभे धरून नऊ आणि नऊ अठरा केले. मग त्याने डोकी मोजली. ती माझ्याव्यतिरिक्त सोळा भरली. त्याने पुन्हा कड्याकड्याने मोजलं, पुन्हा अठरा आले. मोजणीत कैदी कमी पडला तर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. दोन जास्त भरले तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो जेलरना घेऊन आला.

जेलर शांत गृहस्थ होते. त्यांना मोजणीपेक्षा दुसरीच शंका आली. कैद्यांना कवाईत करायची मनाई होती आणि आम्ही आखून दिल्यासारखे गोलात उभे होतो. त्यांनी विचारलं, हे कुणाच्या हुकमावरून. मी पुढे झालो आणि सांगू लागलो. परमाणू, गाभा, कडी, आठाचा नियम, सगळं सांगितलं. माझं बोलणं जसजसं नेमकं होत गेलं तसतसा त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. शेवटी ते म्हणाले, इलेक्ट्रॉन म्हणजे कोण? मी म्हणालो, तो डोळ्यांनी दिसत नाही. न दिसणाऱ्या माणसाचं नाव तुरुंगात घेतलेलं त्यांना आवडलं नाही. त्यांनी मला ऑफिसात चलायला सांगितलं. सजा वाढली तर दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आत मी सुटणार नव्हतो.

"साहेब, एक विचारू?" वकीलसाहेब मधल्या जागेवरून न हलता म्हणाले. "तुमच्या घरी शेती आहे ना?"

जेलर म्हणाले, आहे, साक्रीकडे.

"विहीर?"

"भावाची आणि माझी सामायिक आहे."

"तुमच्या उताऱ्यावर ती लागलेली आहे?"

"आहे."

"भावाच्या?"

"त्याच्याही आहे."

"मग विहिरी किती?"

जेलरनी आमच्या दोन गोलांकडे पाहिलं. मग त्यांनी बोटाने मोजलं. अलीकडचे सहा, पलीकडचे सहा, मध्ये विणकर आणि वकीलसाहेब.

"हे दोघं विहीर," ते म्हणाले.

"होय," वकीलसाहेब म्हणाले. "मास्तर तेच सांगत होते, जरा लांबून."

जेलरनी जमादाराला सांगितलं, सोळा आणि मास्तर सतरा, बरोबर आहे, लिही. जाताना ते म्हणाले, शिकवायला हरकत नाही, पण उभं राहून नको, बसून शिका. त्यानंतर आमचे सगळे परमाणू मांडी घालून जुळत राहिले.

त्या संध्याकाळी जेवताना आबांनी शंका काढली.

"मास्तर, सामायिक विहीरवर भांडण व्हस."

मी सांगितलं, की परमाणूंतही होतं. दोघं सारखे असले तर जोडी बरोबर मध्ये राहते. एक जण ओढाळ असला तर ती त्याच्याकडे सरकते. पाण्यात ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा जास्त ओढतो, आणि पाणी पाण्यासारखं वागतं ते बऱ्याच अंशी त्यामुळेच. आबांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या चुलतभावाचं नाव घेतलं. तो ऑक्सिजन आहे असं त्यांचं मत पडलं. मग वकीलसाहेबांनी स्वतः मला डाळ वाढली.

"एक खरं सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यात मीठ होतं तरी का?"

"होतं," मी म्हणालो. "थोडं होतं."

"मग आपण त्या थोड्याबद्दल आत आहोत," ते म्हणाले आणि जेवू लागले.

सुटलो तेव्हा थंडी पडायला लागली होती. शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला घरी बोलावून चहा दिला. ते माझ्या बाजूचे होते. सजा झालेल्या शिक्षकाला ठेवलं तर शाळेची ग्रँट जाईल, ही त्यांची अडचण होती. पण त्यांच्या कानावर आलं होतं, की ते मीठ नव्हतंच. ते म्हणाले, तुम्ही रसायनाचे माणूस. तो पदार्थ मीठ नव्हता एवढं लिहून द्या. मग गुन्हाच झाला नाही असं आम्हाला वर कळवता येईल.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. इतके महिने तिने घर कसं चालवलं ते मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. तिने विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. मी म्हणालो, मीठ होतं, पण थोडं होतं, पापडखार जास्त होता. ती म्हणाली, मग ते मीठ नव्हतं असं कसं लिहिणार. मी म्हणालो, नाही लिहिलं तर नोकरी जाईल. ती म्हणाली, ते मला कळलं.

मी असं लिहून दिलं, की त्या पदार्थात मीठ होतं. किती होतं हे तपासायला प्रयोगशाळा लागेल, आणि ती सध्या माझ्या ताब्यात नाही. शेवटचं वाक्य मी सरळ अर्थाने लिहिलं होतं. मंडळाने ते उद्धटपणा समजून माझं नाव कमी केलं.

जळगावात वकीलसाहेबांच्या ओळखीने मला एका खाजगी शाळेत जागा मिळाली. शाळेला ग्रँट नव्हती, त्यामुळे ती जायची भीतीही नव्हती. पगार कमी होता. प्रयोगशाळा म्हणून एक कपाट होतं, त्यात चार परीक्षानळ्या होत्या आणि एक घुबड पेंढा भरून ठेवलेलं होतं. आम्ही दोघं सामान घेऊन गेलो आणि तिथेच राहिलो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी एक नवं पुस्तक माझ्या हाती आलं. त्यात लिहिलं होतं, की इलेक्ट्रॉन असे कड्यांवर ओळीने उभे नसतात. अमुक एक इलेक्ट्रॉन अमुक जागी आहे असं नेमकं सांगताच येत नाही. तो या भागात असण्याचा संभव जास्त, त्या भागात कमी, एवढंच म्हणता येतं. देणं-घेणं आणि सामायिक ठेवणं हे खरं होतं, पण आम्ही उभे राहिलो तसं काही नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. बराकीतली निम्मी माणसं तोवर गावोगावी पांगली होती आणि त्यांना कळवायचा काही मार्ग नव्हता.

वकीलसाहेब पुन्हा वकिली करू लागले होते. ते बाजारात भेटले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. हातात पिशवी घेऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी तिथे उभा होतो ते चुकीचं?" त्यांनी विचारलं.

"चुकीचं नाही. जुनं झालं."

"नवीन मतानुसार मी कुठे होतो?"

मी म्हणालो, बहुतेक मध्येच होतात, पण खात्रीने सांगता येणार नाही. ते म्हणाले, याच्यावर अपील करायची मुदत गेली असेल. मग त्यांनी पिशवीतली वांगी दाखवली आणि घरी जेवायला बोलावलं. भरीत होतं. मी बायकोला निरोप पाठवला आणि गेलो.